एक, तीन, चार, दोन

देवानंद मिस्त्रीचं बोलणं गेलं, तेव्हापासून माणसं त्याच्याशी दोन तऱ्हांनी वागायची. काही जण तो बहिरा झालाय असं समजून मोठ्यानं ओरडायचे. बाकीची त्याच्याशी बोलायचीच नाहीत. तो समोर बसलेला असला तरी त्याची विचारपूस बायकोकडे, बेबीनंदाकडे करायची. त्यातल्या त्यात ओरडणारी माणसं बेबीनंदाला परवडायची. निदान ती त्याच्याकडे बघून तरी ओरडायची.

जालन्यात मस्तगडच्या मागच्या गल्लीत देवानंदचं पत्र्याचं शेड होतं. डिझेल गाड्यांचं काम तो करायचा. जीप, मॅटाडोर, कधीमधी ट्रॅक्टर. राजूर-भोकरदनकडचे जीपवाले दुसऱ्या कुणाकडे जायचे नाहीत. शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात एका सकाळी तो बोनेटखाली वाकलेला असताना हातातला पाना गळून पडला. तो उचलायला म्हणून वाकला, तो उठलाच नाही. औरंगाबादच्या दवाखान्यातून घरी आणला तेव्हा उजवं अंग लुळं होतं आणि बोलायला गेला की तोंडातून भलताच शब्द बाहेर पडायचा.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बेबीनंदाला जवळ बसवून समजावलं होतं. मेंदूत रक्ताची गाठ अडकली. बुद्धी शाबूत आहे, समोरचा बोलतो ते सगळं कळतं, फक्त हवा तो शब्द सापडत नाही आणि हाताला येईल तो बाहेर पडतो. पाय सुधारेल, हात थोडाफार सुधारेल, बोलण्याचं मात्र काही सांगता यायचं नाही. त्यांना वेडं समजू नका, असं त्या दोनदा म्हणाल्या.

पाय सुधारला. दिवाळीपर्यंत तो ओढत ओढत चालायला लागला. उजव्या हाताची मूठ अर्धीमुर्धी वळायला लागली. शब्द मात्र उधळलेले ते उधळलेलेच. चप्पल हवी असली की "बुधवार" म्हणायचा. एकदा घरी आलेल्या पाहुण्याला चहा द्या म्हणायचं होतं, तर "ह्याला धुऊन टाक" म्हणाला. पाहुणा उठून गेला. गल्लीत कुणीतरी उठवलं, मिस्त्री पितो. जन्मात दारूला न शिवलेल्या माणसानं ते ऐकलं, कळलं, आणि त्याला उलट एक शब्दही बोलता आला नाही. त्यानंतर तो ओट्यावर बसेनासा झाला.

बेबीनंदाला मात्र त्याचं कळायचं. ती घरी ब्लाउज शिवायची, मुलगी लग्न होऊन परतूरला गेलेली, त्यामुळे घरात दोघंच. शब्दाकडे लक्ष द्यायचं नाही, हे ती लवकर शिकली. तो बोलताना त्याची नजर कुठं जाते, डावा हात काय दाखवतो, ते बघायचं. मग "बुधवार" म्हटलं काय आणि "शनिवार" म्हटलं काय, चप्पल मिळायची.

देवानंदचा धाकटा भाऊ भुजंग बदनापूरला शेतकी संशोधन केंद्रात नोकरीला होता, रोज रेल्वेनं जाऊन येऊन. मनानं चांगला माणूस. आजारपणात त्यानंच धावपळ केलेली. संक्रांतीनंतर एका रविवारी तो आला आणि त्यानं शेडचा विषय काढला. शेड बंद पडून राहिलंय, हत्यारांना गंज चढतोय, एक बॅटरीवाला जागा मागतोय. दादाचं आता होणं नाही, हे कधीतरी मानायलाच हवं. देवानंद भिंतीकडे तोंड करून पडला होता. बेबीनंदानं शिलाई थांबवली आणि ती बरं म्हणाली. तिलाही वाटत होतं की रोज बंद शेडवरून जाताना नवऱ्याची मान खाली जाते, त्यापेक्षा ते नसलेलं बरं.

हत्यारं आवरायला म्हणून ती त्याला घेऊन शेडमध्ये गेली, त्याच सकाळी साहेबराव आला.

साहेबराव राजूरचा. स्वतःची जीप, स्वतःच चालवायचा. एरवी जालना-राजूर सवाऱ्या, चतुर्थीला गणपतीच्या भक्तांची गर्दी. त्याची जीप गल्लीत शिरली ती काळा धूर सोडत, धापा टाकत. खाली उतरून त्यानं जय भीम घातला आणि देवानंदकडे बघून क्षणभर घुटमळला. मिस्त्रीचं डोकं फिरलंय असं त्याच्या कानावर होतं. पण तो ओरडला नाही, बेबीनंदाकडेही वळला नाही. देवानंदच्या समोर उकिडवा बसला आणि जसं पूर्वी सांगायचा तसं गाऱ्हाणं सांगायला लागला. गाडी चढाला ओढत नाही. धूर फार. सकाळी ढकलल्याशिवाय चालू होत नाही. दोन ठिकाणी दाखवली, दोन्हीकडे सांगितलं की इंजिन खाली उतरवा, पिस्टन-रिंगा सगळं नवीन टाका.

"म्या म्हणलं, एकदा मिस्त्रीच्या कानावर घालावं," साहेबराव म्हणाला. "तुम्ही म्हणलात उतरवा, तर उतरवू."

देवानंद उठला. बेबीनंदाला आठवेना की इतक्या पटकन तो शेवटचा कधी उठला होता. त्यानं हातानं खूण करून गाडी चालू करायला लावली, मागं जाऊन धुराचा वास घेतला, पुढं येऊन इंजिनच्या तेलाचं झाकण काढलं आणि त्या भोकावर डावा तळवा धरला. तिथून वाफ येत नव्हती, म्हणजे पिस्टन-रिंगा धड होत्या. त्यानं मान हलवली. मग हवा आत घेणारी रबरी नळी सोडवायला लावून तिच्या तोंडावर तळवा ठेवला आणि डोळे मिटले. बराच वेळ तसाच उभा राहिला.

"खिडकी," तो म्हणाला. "खिडकी... खिडकी झोपली."

साहेबरावनं बेबीनंदाकडे बघितलं. ती देवानंदकडे बघत होती. त्याचं बोट नळीतून इंजिनाकडे गेलं, मग छातीकडे, आणि त्यानं तोंड दाबून श्वास घ्यायची खूण केली.

"वारा आत जात न्हाई म्हणून राह्यलेत," ती म्हणाली. "आत जायची वाट बुजलीय."

देवानंदनं जोरजोरात मान डोलवली. साहेबरावकडून त्यानं हवेचा पाइप खोलून घेतला आणि आतल्या भोकात करंगळी घालून बाहेर काढली. करंगळी काळीकुट्ट, वर डांबरासारखा चिकट थर. इंजिन धड होतं. हवा आत सोडणाऱ्या व्हॉल्वच्या दांड्यावरची ऑइल सीलं कडक होऊन चिरली होती, तिथून तेल थेंबथेंब खाली उतरायचं आणि तापलेल्या व्हॉल्ववर जळून बसायचं. थरावर थर चढत वाट अरुंद झाली होती. हवा कमी, म्हणून डिझेल अर्धवट जळायचं, म्हणून धूर. हे सगळं देवानंदला सांगायचं होतं आणि तो "खिडकी, खिडकी" एवढंच म्हणत होता.

साहेबरावला पटलं. पण इंजिनाचा वरचा भाग, हेड, उतरवून व्हॉल्व साफ करायचे तर ते करणार कोण, असं त्यानं विचारलं. विचारलं देवानंदलाच. देवानंदनं आपला उजवा हात वर केला, त्याच्याकडे बघितलं आणि खाली सोडला. त्याचं तोंड बघवेना म्हणून बेबीनंदा बोलून गेली.

"हे सांगतील तसं मी करते."

बोलली आणि तिचं तिलाच नवल वाटलं. वीस वर्षांच्या संसारात डबा द्यायला आली तरी ती शेडच्या दारातूनच परत जायची. साहेबरावनं टोपी काढून डोकं खाजवलं, कोपऱ्यावर जाऊन चहा पिऊन आला, आणि चतुर्थीच्या आधी गाडी पायजे, एवढंच म्हणाला. भुजंगला तिनं त्या संध्याकाळी निरोप धाडला की बॅटरीवाल्याला थोडं थांबायला सांगा.

पहिला दिवस वाईट गेला. पाणी काढणं, नळ्या सोडवणं, त्यांना चिंध्या बांधणं इथवर ठीक होतं. पण हेडचे बोल्ट सोडवायचे आले आणि देवानंदला राहवेना. बोल्ट कडेकडून आत असे क्रमानं, थोडेथोडे ढिले करायचे असतात, नाहीतर हेड वाकतं. ती मधलाच बोल्ट धरून बसली. तो "न्हाई, मीठ, मीठ" म्हणायला लागला. तिला वाटलं बोल्टवर काही टाकायचंय, म्हणून तिनं रॉकेल आणलं. त्यानं ते लाथाडलं, तिच्या हातातला पाना हिसकावला आणि डाव्या हातानं स्वतःच जोर लावला. पाना निसटला, बोटांची सालटं निघाली. त्यानं पाना पत्र्यावर भिरकावला आणि पाठ फिरवून बसला. गल्लीतली दोन माणसं दारात येऊन बघून गेली.

ती शेड बंद करून त्याला घरी घेऊन आली. बोटांना हळद लावली. संध्याकाळी तो जेवायलाही उठेना. मग मात्र तिचा बांध फुटला.

"तुमचं एकट्याचंच गेलं का सगळं?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "वीस वर्षं तोंडात सगळे शब्द होते. मिस्त्री म्हणून गावाशी बोललात. घरी येऊन माझ्याशी काय बोललात? जेवायला वाढ, दिवा मालव. आता शब्द न्हाईत, तर लोखंडापायी रडून राह्यलात. मला एकदा तरी इचारलं का, बेबे, तुला काय होतंय म्हणून?"

देवानंद तिच्याकडे बघत राहिला. त्याचे ओठ हलले, पण त्यानं शब्द बाहेर सोडला नाही, भलताच येईल या भीतीनं. तिला त्याची कीव आली आणि आपलं बोलणं खोटं नव्हतं हेही कळत होतं. दोघं तशीच पडून राहिली.

सकाळी ती उठली तेव्हा तो आंघोळ करून, सदऱ्याची बटणं एका हातानं जमतील तशी लावून दाराशी उभा होता. जेवणाचा डबा त्यानं स्वतःच पिशवीत घातला होता. रात्रीच्या भाकरी होत्या, त्यांच्याबरोबरचं कोरड्यास विसरला होता.

त्या दिवसापासून दोघांनी एक रीत बसवली. त्यानं शब्द शोधायचा नाही. काम आधी तो डाव्या हातानं हवेत करून दाखवायचा, ती बघायची, मग करायची. चुकलं तर तो तिच्या मनगटावर बोट टेकवायचा, बस. बोल्ट कडेकडून निघाले. भुजंग त्या दिवशी रजेवर होता, तो बघायला आला आणि त्याला कामाला लावलं गेलं. ओतीव लोखंडाचं ते हेड त्यानं आणि साहेबरावनं मिळून उचलून फळीवर ठेवलं. भुजंगच्या कपड्यांना काळं लागलं. तो वहिनीकडे बघत होता. लोक काय म्हणतील, असं काहीतरी त्यानं हळूच काढलं. लोक आधीच म्हणून राह्यलेत, ती म्हणाली, आता निदान कामाचं तरी म्हणतील.

स्प्रिंगा दाबून व्हॉल्व एकेक सुटे केले तेव्हा ती चकित झाली. छत्रीसारखं तोंड आणि लांब दांडा, अशी ती वस्तू असते हे तिनं धूर बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्ववरून नुकतंच पाहिलं होतं. पण हवा आत घेणाऱ्या चारही व्हॉल्वचा दांडा दिसतच नव्हता. तोंडापासून वरपर्यंत काळं, खरबरीत, फुगलेलं काहीतरी, पातेल्याच्या बुडाला दूध करपून वर्षानुवर्षं तसंच राहिल्यासारखं. एका व्हॉल्वला तर वारा जायला फट तरी होती की नाही कोण जाणे. हेडमधल्या वाटाही तशाच बुजलेल्या.

प्रत्येक व्हॉल्व आपल्याच जागी परत गेला पाहिजे, आदलाबदल चालत नाही, हे देवानंदनं तिला फार कष्टानं सांगितलं. आकडे त्याच्या तोंडून उलटेसुलटे यायचे, एक म्हणायला गेला की सात. तिनं आकड्यांचा नादच सोडला. घरून जाड मांजरपाट आणला, मशीनवर एका पट्टीला ओळीनं खिसे शिवले आणि पट्टी भिंतीला टांगली. हेडमध्ये जसे पुढून मागं, तसेच खिशात पुढून मागं. देवानंदनं ती पट्टी पाहिली, खिशांवरून बोट फिरवलं आणि हसला. आजारानंतर तो हसला की उजव्या बाजूला ओठ वाकडा व्हायचा म्हणून हसणंच टाळायचा. त्या वेळी विसरला.

मग साफसफाई. रॉकेलमध्ये भिजत घालायचं, नरम झालं की बांबूच्या चपट्या कामटीनं खरवडायचं, राहिलेलं पितळी ब्रशनं. लोखंडी पात्यानं ओरखडे पडतात, विशेषतः तोंडाच्या कडेला, जिथं व्हॉल्व आपल्या बैठकीवर बसतो. ती कड म्हणजे जीव. तिथं देवानंद तिचा हात धरून ठेवायचा, सोडायचाच नाही. हेडच्या वाटा साफ करताना कचरा दांड्याच्या भोकात जाऊ नये म्हणून त्यानं तिथं चिंध्यांचे बोळे बसवायला लावले. काळी खरपुडं निघून घमेल्यात पडत राहिली. दुपारपर्यंत तिचे हात कोपरापर्यंत काळे झाले, पाठ भरून आली, आणि तरीही ती थांबली नाही. खरवडून खरवडून एका जागी पांढरं चकचकीत लोखंड दिसायला लागलं की तिला पुढचं दिसावंसं वाटायचं. शिवणात असं कधी झालं नव्हतं. शिवण हे गिऱ्हाइकाचं काम होतं. हे तिला स्वतःचं वाटायला लागलं होतं.

बैठकी घासायचं काम दोन तळव्यांचं. कडेला घासायचं बारीक कणांचं मलम लावून, व्हॉल्वला चिकटणारी रबरी चोखणी लावलेली काडी दोन्ही हातांत धरून, ताकाची रवी फिरवावी तसं उलटसुलट फिरवायचं. हे काम एका हातानं होतच नाही. देवानंदनं ती काडी तिच्या हातात दिली आणि बाजूला बसला. थोड्या वेळानं म्हणाला, "बराबर."

तिनं फिरवणं थांबवून त्याच्याकडे बघितलं. शब्द नेमका आला होता. त्यालाही कळलं होतं. पण दोघंही त्यावर काही बोलली नाहीत, जणू मोठ्यानं बोललं तर तो उडून जाईल.

नवी सीलं बसवली, व्हॉल्व आपापल्या खिशातून आपापल्या जागी गेले, आणि गळतंय का ते बघायला वाटांमध्ये रॉकेल ओतून ठेवलं. सकाळी येऊन बघितलं तर खाली एक थेंब गळला नव्हता. नवं गॅस्केट टाकून हेड चढलं. राहिलं होतं टॅपेटचं काम. व्हॉल्व दाबणाऱ्या दांडीत आणि व्हॉल्वमध्ये पातळ पत्ती जेमतेम सरकेल एवढी फट ठेवायची असते. पत्ती फार सैल नको, अडकायलाही नको. हे बेबीनंदाला लगेच जमलं. मशीनचा दोरा किती ताणायचा हे बोटांना ठाऊक असलेल्या बाईला ते जमणारच. अडचण दुसरीच होती. चार सिलिंडर, आणि ते ओळीनं पेटत नाहीत. इंजिन अर्धा फेरा फिरवून प्रत्येक वेळी कुठल्या सिलिंडरची फट बघायची, याचा ठरलेला क्रम असतो. तो क्रम फक्त देवानंदच्या डोक्यात होता.

पहिला झाला. साहेबरावनं पुलीला पाना लावून इंजिन अर्धा फेरा फिरवलं. "आता कुठला?" तिनं विचारलं.

"सहा," देवानंद म्हणाला. सहावा नव्हताच. त्यानं मान झटकली. "एकवीस. मंगळ... न्हाई." त्यानं डावा हात इंजिनकडे नेला, पण बोट मध्येच थांबलं, दाखवायचं म्हटलं तरी मनात आकडा लागत होता आणि आकडा हाती येत नव्हता. त्याच्या कपाळावर घाम आला. साहेबराव बाजूला बघायला लागला. पहिल्या दिवसासारखंच होणार, असं बेबीनंदाला वाटलं.

मग तिला एक आठवलं. रोज संध्याकाळी ती घरी तसबिरींपुढे मेणबत्ती लावून वंदना म्हणायची आणि तो मागं बसायचा. वंदनेत त्याची जीभ अडखळायची नाही. सुरुवातीपासून शेवटपर्यंत तो तिच्या बरोबरीनं म्हणायचा. तिनं ते श्रद्धेचं बळ मानलं होतं आणि पुढं विचार केला नव्हता. आता इथं उभं राहून तिच्या ध्यानात आलं की वंदनेत त्याला शब्द शोधावा लागत नाही. लहानपणापासून पाठ, एक ओळ निघाली की पुढची मागून येते. आणि हा सिलिंडरचा क्रम तर त्यानं आयुष्यभर म्हटला असेल.

ती त्याच्यासमोर जाऊन बसली. वंदनेला सुरुवात करावी तशा ठेक्यात, सावकाश म्हणाली, "एक..."

"तीन, चार, दोन," देवानंद म्हणाला.

एका दमात.

"परत म्हणा. एक..."

"तीन, चार, दोन." आता त्याचा स्वतःचा आवाज त्याच्या कानाला लागला होता. तो पुन्हा म्हणाला, न विचारता, आणि पुन्हा. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि तो म्हणतच राहिला. साहेबरावनं टोपीनं तोंड पुसलं आणि पाना उचलला. तिसरा झाला, चौथा झाला, दुसरा झाला.

पण गाडी चालू झाली नाही. साहेबरावनं किल्ली फिरवली, इंजिन गरगरलं, पेटलं नाही. पुन्हा फिरवली, तेच. कुठंतरी काहीतरी उलटं बसवलं, माणसाची पोटापाण्याची गाडी आपण बंद पाडली, असं मनात येऊन बेबीनंदा मडगार्डला धरून उभी राहिली. देवानंद मात्र अजिबात घाबरला नव्हता. "चहा," तो म्हणाला. "चहा काढ."

साहेबराव चहा सांगायला निघालासुद्धा. तिनं त्याला थांबवलं. देवानंदचं बोट चहावाल्याकडे नव्हतं, डिझेलच्या फिल्टरकडे होतं. नळ्या सोडल्या होत्या, त्यांत हवा भरली होती. ती निघाल्याशिवाय डिझेल पुढं सरकणार कसं? त्यानं दाखवला तसा तिनं फिल्टरवरचा छोटा स्क्रू ढिला केला, हातपंप दाबत राहिली. आधी फेस आला, मग बुडबुडे, मग अखंड स्वच्छ धार. स्क्रू आवळला.

या वेळी किल्ली लागताच इंजिन पेटलं. आधी थोडा पांढरा धूर, मग तोही गेला. देवानंदनं हवेच्या नळीच्या तोंडावर तळवा ठेवला आणि तिचा हात ओढून आपल्या हाताच्या जागी ठेवला. वारा तिचा तळवा आत ओढून घेत होता, एकसारखा, जोमानं.

साहेबराव चतुर्थीला जीप भरून राजूरला गेला आणि दुसऱ्या दिवशी मुद्दाम पेढे घेऊन आला. गाडी भरलेली असूनही चढाला गिअर बदलावा लागला नाही, हे त्यानं देवानंदला सांगितलं, आणि सांगताना आवाज चढवला नाही. भुजंगनं बॅटरीवाल्याला दुसरी जागा बघून दिली. वहिनीला तो म्हणाला की मला वाटलं होतं, तुमच्या डोक्यावरचं ओझं कमी करून राह्यलो. तिला ठाऊक होतं, तिनं त्याला भरपूर पेढे दिले.

पुढं ते गॅरेज चाललं. फार मोठं झालं नाही. वायरिंगचं काम ती कधी शिकली नाही, इंजिन पुरं उतरवायचं असलं तर दुसऱ्याकडे पाठवायची. पण हेडचं काम, व्हॉल्वचं काम, टॅपेट यांसाठी लोक यायचे. काही जण बाई बघून गाडी वळवून परत न्यायचे, त्यांना ती हाक मारायची नाही. ब्लाउज ती सकाळच्या वेळात शिवायची, मात्र हात सोड्यानं धुऊन, वास जाईपर्यंत. देवानंदचे काही शब्द परत आले, बरेचसे आले नाहीत. सुरुवात करून दिली की पुढचं येतं, ही युक्ती तिनं सगळीकडे लावून पाहिली. वारांच्या नावांना लागू पडली, माणसांच्या नावांना नाही.

जीप गेली त्या संध्याकाळी मात्र एक गोष्ट झाली. दोघं जेवायला बसली होती. देवानंदनं घास खाली ठेवला आणि काहीतरी सांगायला लागला. "पोरगा," तो म्हणाला, स्वतःच्या छातीला हात लावून. "मी. पोरगा. दाढी... दाढीचा..." आणि अडकला.

बेबीनंदाच्या जिभेवर शब्द आला होता. उस्ताद. तो ज्यांच्याकडे लहानपणी काम शिकला, ते दाढीवाले उस्ताद असणार. याआधी तिनं शब्द पुरवला असता आणि विषय संपला असता. त्या दिवशी ती गप्प राहिली. ताटावर हात धरून बसून राहिली. भाकरी गार झाली. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "उस्ताद," आणि जमतील त्या शब्दांनी, हातवाऱ्यांनी पुढं सांगायला लागला, कसा मार खाल्ला, कशी पहिली गाडी एकट्यानं उघडली. एका बैठकीत ते सांगून होण्यासारखं नव्हतं. रोज जेवताना थोडं थोडं चालू राहिलं. वीस वर्षांत त्यानं तिला हे कधी सांगितलं नव्हतं, आणि ते पुरं व्हायला तो अख्खा उन्हाळा लागला.